फेममध्ये सॉलेनॉइडची आकृती: बिंदू, रेषा, लेबल आणि नंतरची दुरुस्ती

डेव्हिड मीकर यांचे एफईएमएम, म्हणजे बोलण्यातले फेम, हे चुंबकीय, विद्युत आणि उष्णतेच्या द्विमितीय प्रश्नांसाठीचे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची ४.२ ही आवृत्ती मोटार, रिले, ट्रान्सफॉर्मर यांच्या अभ्यासात सर्रास वापरली जाते. सोडवण्याचे काम ते चोख करते. वेळ जातो तो आकृतीत, आणि त्यातही काढताना कमी, निस्तरताना जास्त.

कॅडची सवय असलेल्यांची पहिली अडचण अशी की फेममध्ये वस्तू नसतात. प्लंजर, कवच, कॉइल ही नावे आपल्या डोक्यात असतात. फेमला चारच गोष्टी कळतात: बिंदू, दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा, दोन बिंदू जोडणारी कमान, आणि ब्लॉक लेबल. रेषांनी एखादी जागा पूर्ण बंद झाली की तो एक भाग झाला, आणि त्या भागात काय भरले आहे ते त्यात टोचलेले लेबल सांगते. एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या बहुतेक चुका कुठून येतात ते आपोआप कळते.

उदाहरणाला एक साधा सॉलेनॉइड, म्हणजे कॉइलमध्ये वीज सोडली की लोखंडी दांडा (प्लंजर) आत ओढणारे उपकरण, घेऊ: पोलादी कवच, तळाशी त्याचाच भाग असलेला स्थिर गाभा, मध्ये कॉइल आणि वरून आत सरकणारा प्लंजर. सगळे गोल असल्यामुळे अक्षाच्या उजव्या बाजूचा अर्धा छेद काढला की पुरते.

आधी प्रॉब्लेमची खिडकी

नवीन मॅग्नेटिक्स प्रॉब्लेम उघडला की काहीही काढण्याआधी प्रॉब्लेम मेनूत जा. प्रकार अ‍ॅक्सिसिमेट्रिक (अक्षाभोवती गोल), लांबीचे एकक मिलिमीटर, वारंवारता ०. मिनिमम अँगल ३० आहे तसाच राहू द्या. मूळ सेटिंग इंच आणि प्लेनर (सपाट छेद) असे असते, आणि नंतर एकक बदलले तरी आकडे बदलत नाहीत. १९ लिहिलेले १९च राहते, फक्त ते १९ इंचाचे १९ मिलिमीटर होते. हे लक्षात न आल्यास काय होते ते शेवटी बलाच्या पडताळणीत येईलच. तिथे एक गंमत आहे.

फाइल लगेच सेव्ह करा. सेव्ह न केलेल्या फाइलवर फेम मेश, म्हणजे गणितासाठी लागणारी बारीक त्रिकोणांची जाळी, बनवत नाही.

बिंदू

बिंदूंचा मोड निवडा. माउसने क्लिक करूनही बिंदू पडतो, पण तो पडतो पडद्यावर अंदाजाने. त्याऐवजी टॅब दाबा. आर (अक्षापासूनचे अंतर) आणि झेड (अक्षावरची उंची) विचारणारी छोटी खिडकी येते, तिथे आकडे टाका. ग्रिडला चिकटवण्याची सोय आहे, पण प्लंजर आणि कवचाच्या वरच्या भोकामधल्या ०.५ मिलिमीटरच्या फटीसाठी ग्रिड बारीक केली की ठिपक्यांनी पडदा भरतो. टॅबची सवय लावलेली बरी.

सगळे आकडे मिलिमीटरमध्ये, आधी आर मग झेड.

कवच आणि स्थिर गाभा मिळून एक भाग, १० बिंदू:
(०, ०), (१९, ०), (१९, ४०), (५.५, ४०), (५.५, ३६), (१६, ३६), (१६, ४), (५, ४), (५, १०), (०, १०)

प्लंजर, ४ बिंदू:
(०, १४), (५, १४), (५, ५४), (०, ५४)

कॉइल, ४ बिंदू:
(७, ५), (१५, ५), (१५, ३५), (७, ३५)

बाहेरची सीमा, २ बिंदू:
(०, −१३८), (०, १९२)

कॉइलच्या बाहेरून आणि वरखाली १ मिलिमीटर, आतून गाभ्यापर्यंत २ मिलिमीटर मोकळे सोडले आहेत. ती बॉबिनची, म्हणजे तार गुंडाळायच्या प्लास्टिकच्या रिळाची, जाडी. प्लास्टिक चुंबकीय दृष्ट्या हवाच, म्हणून बॉबिन वेगळी काढायची नाही. जी वस्तू उत्तरावर परिणाम करत नाही तिच्या रेषा आकृतीत नकोत. स्क्रू, लेबलची पट्टी, वायरचे भोक, सगळे गाळा.

सीमेचे आकडे असे आले: उपकरणाचा मध्य सुमारे (०, २७). तिथून सर्वात लांबचा कोपरा (१९, ०), अंतर ३३. सीमा त्याच्या किमान पाचपट दूर असावी हा नेहमीचा ठोकताळा, म्हणून त्रिज्या १६५.

एखादा आकडा चुकला असे वाटले तर बिंदूजवळ माउसचे उजवे बटण दोनदा दाबा, त्याचे सहनिर्देशक दिसतात. रेषांच्या मोडमध्ये हेच केले की रेषेची लांबी दिसते. प्रत्येक भाग पूर्ण झाल्यावर दोनतीन ठिकाणी असे पाहून घ्या. ५.५ ऐवजी ५.०५ टाइप झाले तर डोळ्याला काहीच कळत नाही, पण फट दहापट लहान होते.

रेषा आणि एकच कमान

रेषांच्या मोडमध्ये एका बिंदूजवळ क्लिक, मग दुसऱ्याजवळ क्लिक. कवचाचे १० बिंदू वरच्याच क्रमाने जोडत जा आणि शेवटी (०, १०) परत (०, ०)ला जोडा. ही अक्षावरची रेषा पुष्कळदा राहून जाते, कारण प्रत्यक्षात तिथे कोणताही पृष्ठभाग नसतो. पण भाग बंद व्हायला ती हवीच. प्लंजरला ४ रेषा, कॉइलला ४. उरलेल्या अक्षावर ३: (०, −१३८) ते (०, ०), (०, १०) ते (०, १४) आणि (०, ५४) ते (०, १९२).

रेषा दुसऱ्या रेषेला छेदून गेली तर फेम छेदावर स्वतःच बिंदू टाकते आणि दोन्ही रेषा तोडते. रेषेवर नवा बिंदू टाकला तरी ती तिथे तुटते. बहुतेक वेळा हे सोयीचे असते. पण चुकून क्लिक झालेला बिंदू पुसला की त्याला जोडलेल्या रेषाही पुसल्या जातात आणि भाग उघडा पडतो, हे विसरू नका. अनडू एकच पायरी मागे नेते. म्हणून कवच झाले, सेव्ह. प्लंजर झाला, वेगळ्या नावाने सेव्ह.

आता कमान. कमानीच्या मोडमध्ये आधी खालच्या (०, −१३८) जवळ क्लिक, मग वरच्या (०, १९२) जवळ. कोन १८०, कमाल तुकडा ५ अंश. क्रम महत्त्वाचा आहे: फेम पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे घड्याळाच्या उलट दिशेने कमान काढते. आधी वरचा बिंदू दाबला तर कमान डावीकडे, म्हणजे ऋण त्रिज्येच्या बाजूला जाते, आणि अ‍ॅक्सिसिमेट्रिक प्रश्नात तिथे काही असूच शकत नाही. एका कमानीचा कोन जास्तीत जास्त १८०, त्यामुळे पूर्ण वर्तुळ लागले तर दोन कमानी जोडाव्या लागतात.

कमाल तुकड्याबद्दल थोडे सविस्तर, कारण मोटार काढणारे इथे फसतात. फेम कमान खरोखर गोल ठेवत नाही, सरळ तुकड्यांची माळ करते. बाहेरच्या सीमेला ५ अंशांचा तुकडा चालतो. पण समजा रोटरची त्रिज्या २५ मिलिमीटर आणि फट ०.५ मिलिमीटर आहे. १० अंशांचा तुकडा ठेवला तर त्याचा मध्य खऱ्या वर्तुळापासून ०.०९५ मिलिमीटर आत येतो, म्हणजे फटीच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. ५ अंशांना हीच चूक ०.०२४ होते आणि १ अंशाला ०.००१च्या आसपास. फटीलगतच्या कमानींना १ अंश किंवा त्याहून कमी द्या.

भाग मोजण्याची युक्ती

लेबले टाकण्याआधी बंद भाग किती झाले ते कागदावर काढता येते. रेषा आणि कमानी मिळून जी संख्या येईल तिच्यातून बिंदू वजा करा आणि एकमेकांपासून सुट्या असलेल्या जाळ्यांची संख्या मिळवा. आपल्याकडे २१ रेषा आणि १ कमान, एकूण २२, बिंदू २०. कॉइलची चौकट कशालाच चिकटलेली नाही, बाकी सगळे अक्षावरून जोडलेले आहे, म्हणजे सुटी जाळी २. २२ − २० + २ = ४. भाग चार: कवच, प्लंजर, कॉइल आणि हवा. आतली आणि बाहेरची हवा प्लंजरभोवतीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून जोडलेली आहे, म्हणून ती एकच. हे ऑयलरचे सूत्र आहे. ४ ऐवजी ३ आले तर एखादी रेषा राहिली आहे, ५ आले तर कुठेतरी जास्तीची आहे.

लेबले

ब्लॉक मोडमध्ये टॅब दाबून चार लेबले टाका: कवचासाठी (१७.५, २०), प्लंजरसाठी (२.५, ३४), कॉइलसाठी (११, २०), हवेसाठी (६०, २७). लेबल भागाच्या आत कुठेही चालते, पण रेषेच्या अगदी जवळ नको. पुढे आकृती सरकवली की ते शेजारच्या भागात जाऊन बसते.

मटेरियल लायब्ररीतून एअर, कॉपर आणि १०१० स्टील या प्रॉब्लेममध्ये ओढून घ्या. प्रॉपर्टीज मेनूत सर्किट बनवा, सिरीज प्रकारचे, ०.५ अँपिअर. मग प्रत्येक लेबल उजव्या क्लिकने निवडा आणि स्पेस दाबा. कॉइलला कॉपर, ते सर्किट आणि ९०० वेढे. प्लंजरला १०१० स्टील आणि ग्रुप १ (एकत्र सरकवायच्या गोष्टींना द्यायचा क्रमांक). कवचाला १०१० स्टील, उरलेल्याला एअर.

९०० हा आकडा हवेतला नाही. कॉइलची जागा ८ गुणिले ३०, म्हणजे २४० चौरस मिलिमीटर. ०.४ मिलिमीटर व्यासाच्या तारेचा छेद ०.१२६ चौरस मिलिमीटर, ९०० वेढ्यांचे तांबे ११३. जागेचा ४७ टक्के भाग भरतो. एनॅमल आणि गुंडाळीतली ढिलाई धरता हे जमते. वेढे खरे वाटेल असेच लिहा, कारण आकृतीत कॉइल नुसती चौकट असते आणि तिच्यात ५००० वेढे लिहिले तरी फेम कुरकुर करत नाही.

प्लंजरच्या ४ बिंदूंना आणि ४ रेषांनाही ग्रुप १ द्या. चौकोनी निवडीचे बटण वापरले की भराभर होते, पण निवड ज्या मोडमध्ये आहात त्याच प्रकारच्या गोष्टींची होते: बिंदू वेगळे, रेषा वेगळ्या, लेबल वेगळे.

सीमेची अट: प्रॉपर्टीज मेनूतून बाउंडरी, प्रिस्क्राइब्ड ए, सगळे शून्य. मग कमानीच्या मोडमध्ये जाऊन कमान निवडा, स्पेस, आणि ही अट द्या. रेषांच्या मोडमध्ये राहून कमान निवडण्याचा प्रयत्न केला तर भलतीच रेषा लाल होते. अक्षाला वेगळी अट लागत नाही, त्रिज्या शून्यावर ती फेम स्वतःच लावते.

पाचपट दूरची सीमा नको असेल तर ओपन बाउंडरी बनवायचे तयार बटण आहे. थरांची संख्या, त्रिज्या आणि मध्य दिला की उपकरणाला लागून गोल थर तयार होतात. तेव्हा आपली कमान आणि तिचे दोन बिंदू आधी पुसा, नाहीतर दोन सीमा एकात एक बसतात.

मेश, आणि तो का अडतो

मेश बनवण्याचे काम जोनाथन श्यूचक यांचा ट्रायँगल हा प्रोग्रॅम करतो. ३० अंशांपेक्षा लहान कोनाचे त्रिकोण तो टाळतो. पण आकृतीतच लहान कोन असेल तर त्याला ते टाळता येत नाही, आणि तिथे तो त्रिकोणांचा ढीग रचत बसतो.

सर्वात नेहमीचा संदेश म्हणजे काही भागांना मटेरियल दिलेले नाही. मेश चालवला की तो भाग वेगळ्या रंगात दिसतो. मोठा भाग रंगलेला असेल तर लेबल राहिले, एवढेच. रंगलेले काहीच दिसत नाही, तरी संदेश येतो, अशा वेळी भाग फार चिमुकला असतो: दोन रेषा जवळपास एकमेकींवर पडल्या आहेत आणि त्यांच्यामध्ये केसाएवढी पाचर उरली आहे. कारण जवळजवळ नेहमी एकच, एका जागी दोन बिंदू. एक (५, १०)ला आणि दुसरा (५.००१, १०)ला. मेशमध्ये जिथे विनाकारण काळा ठिपका दिसतो तिथे झूम करा, जास्तीचा बिंदू पुसा, तुटलेली रेषा परत काढा.

उलटा प्रकार जास्त घातक. भाग उघडा राहिला पण योगायोगाने दोन्हीकडे लेबले आहेत, तर एका बंद जागेत दोन लेबले येतात, आणि पोलादाच्या जागी हवा किंवा हवेच्या जागी पोलाद भरून मोकळे होते. म्हणून सोडवल्यावर उत्तराच्या खिडकीत एरिया मोडमध्ये प्रत्येक भागावर एकदा क्लिक करा. रंग भरतो तो बरोबर त्या भागाच्या कडेपर्यंतच भरला पाहिजे.

बलाचे उत्तर मेशवर फार अवलंबून असते. फटीच्या रुंदीत निदान तीनचार त्रिकोण हवेत. ०.५ मिलिमीटरच्या फटीसाठी (५.५, ३६) ते (५.५, ४०) ही रेषा आणि प्लंजरची उभी बाजू निवडा, आपोआप अंतराच्या चौकटीतली खूण काढून टाका आणि रेषेवरचा आकार ०.१२ लिहा. ४० मिलिमीटरच्या बाजूवर साधारण ३३० तुकडे पडतात. आजच्या संगणकाला ते काहीच नाही. हवेच्या पूर्ण भागाला ०.१२ देण्याच्या फंदात मात्र पडू नका. १६५ त्रिज्येच्या अर्धवर्तुळात तेवढे बारीक त्रिकोण म्हणजे लाखोंचा खेळ.

उत्तर खरे की आकृती चुकली

प्लंजरचा भाग निवडा, इंटिग्रलच्या यादीतून वेटेड स्ट्रेस टेन्सरने बल घ्या. प्लंजरभोवती सगळीकडे हवा असली तरच ही पद्धत चालते. हाताने अंदाज: ९०० गुणिले ०.५, म्हणजे ४५० अँपिअर-वेढे. फट ४ मिलिमीटर, वरच्या भोकातली फट हिशेबात धरली तर सुमारे ४.३. त्यावरून फटीतले चुंबकीय क्षेत्र ०.१३ टेस्ला आणि बल अर्धा न्यूटन येते. गळती आणि कडांवरचा फुगवटा यात धरलेला नाही, त्यामुळे फेमचे उत्तर तंतोतंत जुळणार नाही. पण ५० न्यूटन किंवा ०.००५ न्यूटन दिसले तर आकृतीकडे परत जा.

आता ती गंमत. मिलिमीटरऐवजी इंच राहिले असतील तर बल जवळपास तेच येते! सूत्रात क्षेत्रफळ भागिले फटीचा वर्ग येतो, दोन्ही एकाच पटीने वाढतात आणि चूक लपते. चुंबकीय क्षेत्र मात्र २५.४ पट घसरून ०.००५ टेस्लावर येते. म्हणून फटीतले चुंबकीय क्षेत्रही पाहा, नुसते बल पाहून समाधान मानू नका.

दुरुस्ती

फेममध्ये बिंदू माउसने ओढता येत नाही. निवडायचा आणि एडिट मेनूतल्या मूव्हने अंतर देऊन सरकवायचा. त्याला जोडलेल्या रेषा मागोमाग येतात. वरचे भोक ५.५चे ५.३ करायचे असेल तर (५.५, ४०) आणि (५.५, ३६) हे दोन बिंदू निवडा, आडवे सरकणे −०.२ द्या, झाले. रेषा पुसून पुन्हा काढायची गरज नाही, आणि तिच्यावर दिलेला ०.१२चा आकारही टिकतो.

कोपरा गोल करायला क्रिएट रेडियस आहे. त्या बिंदूला बरोबर दोनच रेषा जोडलेल्या असाव्यात आणि त्रिज्या त्या रेषांच्या लांबीत मावणारी असावी. प्लंजरच्या टोकाला १ मिलिमीटरची गोलाई बलावर परिणाम करते, ती आकृतीत घ्या. कवचाच्या बाहेरच्या कडेची ०.२ मिलिमीटरची गोलाई नुसता मेश फुगवते, ती गाळा.

प्लंजर सरकवायचा तर ग्रुप मोड. प्लंजरवर उजवे क्लिक केले की बिंदू, रेषा, लेबल सगळा ग्रुप १ निवडला जातो. मग उभे सरकणे −१ द्या. नुसते बिंदू निवडून सरकवले तर आकृती सरकते आणि लेबल मागे राहते. लांब प्लंजर असल्याने ४ मिलिमीटरपर्यंत ते भागातच पडते आणि चूक कळत नाही, पातळ चकती असती तर पहिल्याच पायरीला कळली असती.

फट पूर्ण बंद करू नका. प्लंजर बरोबर ४ मिलिमीटर खाली आला की त्याचे तळ आणि गाभ्याचा माथा एकावर एक येतात, बिंदू आणि रेषा एकजीव होतात. मग प्लंजर वर उचलला तरी मूळ आकृती परत मिळत नाही, आणि भोवती हवा न उरल्याने बलही चुकते. ३.९ वर थांबा, ०.१ची फट ठेवा.

बल आणि अंतराचा आलेख हवा असेल तर हे हाताने करण्यापेक्षा फेमला कळणाऱ्या लुआ या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहा. प्रत्येक फेरीत मूळ फाइल नव्याने उघडायची, ग्रुप १ निवडायचा, ०, ०.५, १ असे ३.५ पर्यंत आणि शेवटी ३.९ सरकवायचे, तात्पुरत्या नावाने सेव्ह करून सोडवायचे आणि प्लंजरचे १९ क्रमांकाचे ब्लॉक इंटिग्रल वाचायचे. ते झेड दिशेचे बल. आधीच्या फेरीतली आकृती पुढे ढकलत नेणे टाळा.

डीएक्सएफ आणायचे असेल तर

कारखान्यातून डीएक्सएफ, म्हणजे कॅडची आकृती साठवणाऱ्या फाइलच्या स्वरूपात, आलेले ड्रॉइंग जसेच्या तसे आत घेतले की मापांच्या रेषा, मध्यरेषा, हॅच सगळे सीमा होऊन बसते. कॅडमध्येच साफसफाई करा. फक्त उजवा अर्धा छेद ठेवा, अक्ष शून्यावर आणा, पॉलिलाइन आणि ब्लॉक फोडून सुट्या रेषा आणि कमानी करा, स्प्लाइन असतील तर त्यांच्या जागी कमानी काढा, आणि आर१२ प्रकारात सेव्ह करा. एकाच कडेवर दोन रेषा नाहीत ना, तेही तिथेच बघा. कवचाची आणि बॉबिनची कड सामाईक असली की हमखास असतात.

आत घेताना फेम टॉलरन्स विचारते. त्याहून जवळचे बिंदू ते एक धरते. सुचवलेला आकडा बहुधा चालतो. आकृतीत न जुळलेली टोके राहिली तर तो वाढवा, पण सर्वात लहान खऱ्या फटीच्या बराच खाली ठेवा. आपल्या सॉलेनॉइडला ०.०१ ठीक; १ ठेवला तर अर्ध्या मिलिमीटरची फट गिळली जाऊन प्लंजर वरच्या प्लेटला चिकटतो. अक्षावरच्या रेषा, सीमा, लेबले आणि ग्रुप डीएक्सएफमधून येत नाहीत, ते सगळे वरच्याप्रमाणे. वीसेक बिंदूंच्या आकृतीसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा टॅब दाबून आकडे टाकणे दहा मिनिटांत होते.